डेपो वाढवताय? मग पहिली रेघ गटाराची मारा

महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या वाहन डेपोचं विस्तारीकरण म्हटलं की कागदावर आधी शेड, वर्कशॉप, पार्किंग आणि कंपाउंड वॉल येतात. पावसाळी गटार अंदाजपत्रकाच्या शेवटच्या पानावर असतं, बऱ्याचदा नुसती लम्पसम रक्कम टाकून. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. नकाशावर पहिली रेघ गटाराची पडली पाहिजे, आणि तीही गेटाकडून नाही, पाणी जिथे नाल्यात पडणार त्या टोकाकडून.

उदाहरण घेऊ. अडीच हेक्टरचा डेपो. आज त्यातलं ०.८ हेक्टर पत्रे आणि काँक्रीट, उरलेलं १.७ हेक्टर मुरूम आणि गवत. विस्तारानंतर पक्कं क्षेत्र १.९ हेक्टर होणार आणि मोकळं ०.६ उरणार. पक्क्या जमिनीचा रनऑफ गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा वाटा) ०.९ धरा, कच्च्याचा ०.३. सूत्र सगळ्यांना पाठ आहे: गुणांक गुणिले हेक्टर गुणिले पावसाची तीव्रता (मिमी प्रति तास), भागिले ३६०, उत्तर घनमीटर प्रति सेकंद. ताशी ६० मिमी धरली तर आजचा प्रवाह २०५ लिटर प्रति सेकंद, उद्याचा ३१५. दीडपट. इथेच बहुतेक हिशोब थांबतात, आणि इथेच चुकतात.

पाऊस जितका थोड्या वेळाचा, तितकी त्याची तीव्रता जास्त. लांबच्या कोपऱ्यातलं पाणी आउटफॉलला, म्हणजे नाल्यात पडायच्या टोकाला, पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या मिनिटांच्या पावसाची तीव्रता धरायची असते. मुरमावरून, गवतातून रेंगाळत येणाऱ्या पाण्याला समजा ३० मिनिटं लागत होती. आता पत्रा, पन्हाळ, काँक्रीट, गटार असा सरळ रस्ता मिळाला, १२ मिनिटांत पोचलं. त्याच ठिकाणच्या त्याच वारंवारतेच्या पावसाची ३० मिनिटांची तीव्रता ६० असेल, तर १२ मिनिटांची ९० च्या आसपास असू शकते. म्हणजे उद्याचा खरा प्रवाह ३१५ नाही, सुमारे ४७० लिटर. आजच्या सव्वादोन पटींहून जास्त. जागा एक इंचही वाढली नाही, तरी!

म्हणून सल्लागाराला पहिला प्रश्न हा विचारा: तीव्रता किती मिनिटांची धरली? 'आमच्याकडे वर्षाला ७०० मिमी पडतो' हे उत्तर पाइपाच्या कामाचं नाही. चोवीस तासांचा आकडासुद्धा फसवतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्याची सरासरी काढली तर ताशी ३९ मिमी येते, म्हणजे पावसाळी गटारांवरच्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने १९९३ मध्ये मुंबईसाठी सुचवलेल्या ताशी ५० पेक्षाही कमी. पण तो पाऊस बहुतांश दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला, आणि तेव्हाची बरीचशी गटारं ताशी २५ च्या हिशोबाची होती. जवळच्या स्वयंचलित पर्जन्यमापकाची १५-१५ मिनिटांची नोंद मागवा. केंद्राच्या नागरी व्यवहार मंत्रालयाने २०१९ मध्ये पर्जन्यजल निचऱ्याचं स्वतंत्र मॅन्युअल काढलं आहे. त्यातली पद्धत वापरली का, किती वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरला, हे अहवालात एका ओळीत तरी लिहिलेलं असावं.

आता लेव्हल. खरी गंमत इथे आहे आणि खरे पैसेही इथेच बुडतात.

आवारात १०० मीटरची टीबीएम (उंची मोजायची तात्पुरती आधारखूण) धरा. मागच्या नाल्याचा तळ ९६.८०, आणि दर पावसाळ्यात पाणी जिथवर चढतं ती खूण ९७.६०. (ही खूण नाल्यावरच्या मोरीच्या भिंतीवर दिसते, शिवाय शेजारच्या वस्तीत कुणालाही विचारा.) आउटफॉलचा तळ या खुणेखाली नेला, तर ऐन पावसात नाला उलटा तुमच्या पाइपात शिरणार. म्हणून तळ ९७.६० वर. सर्वांत लांबचं चेंबर १६० मीटरवर. १:२०० उताराने तिथला तळ येतो ९८.४०. जुना ४५० मिमी पाइप या उतारावर भरून वाहिला तरी जेमतेम २०० लिटर नेतो, म्हणजे आजच तो काठावर आहे. ६०० चा साधारण ४३० नेतो, तोही अपुरा. ७०० चा लागतो, तो साडेसहाशेपर्यंत नेतो. आता वर चढा: तळ ९८.४०, पाइप त्याच्या जाडीसकट ०.८०, वर जड गाड्यांसाठी एक मीटर माती. आवाराची लेव्हल झाली १००.२०. आणि जुन्या वर्कशॉपची फरशी आहे १००.१०!

हे गणित आधी केलं नाही की पुढचा प्रकार ठरलेला. नवीन आवार भरून उंच होतं, जुनी इमारत खड्ड्यात जाते, पहिल्या मोठ्या पावसात वर्कशॉपच्या पिटात पाणी भरतं, मग एक सबमर्सिबल पंप कायमचा मुक्कामाला येतो. पाऊस जोराचा असतो त्याच वेळी वीज जाते, हेही ठरलेलंच.

यावर माझा उपाय: डेपोत खोल ह्यूम पाइप (काँक्रीटचा गोल पाइप) टाकायचा हट्ट सोडा. आरसीसीचं चौकोनी गटार करा, आतून ६०० रुंद, ७५० खोल, वर काढता येणारी प्रीकास्ट झाकणं. १:२०० उतारावर ६०० मिमी खोल पाणी वाहिलं तरी ते सुमारे ५८० लिटर प्रति सेकंद नेतं, वर १५० मिमी मोकळं राहतं. वर मातीची गरज नाही. तळापासून झाकणाच्या माथ्यापर्यंत ९५ सेंटीमीटर, म्हणजे त्या लांबच्या टोकाला आवार ९९.३५ वर आलं तरी चालतं. जुनी फरशी वाचली, भरावाचा खर्चही वाचला. आणि गाळ दिसतो, झाकण उचलून काढता येतो. माणूस आत उतरवायची वेळ येत नाही. अट एकच: गाड्या जिथून जातात तिथलं झाकण चाकाच्या भाराला डिझाइन केलेलं हवं. कचऱ्याचा भरलेला कॉम्पॅक्टर म्हणजे रिक्षा नव्हे. चेंबरच्या झाकणांनाही हाच न्याय. एमडी-१० (मध्यम भाराचं) लिहिलेलं झाकण फुटपाथला ठीक, गाड्यांच्या वाटेवर एचडी-२० (जड भाराचं) च्या खाली जाऊ नका. कुठे पाइप टाकावाच लागला तर एनपी-३ किंवा एनपी-४ (गाड्यांचा भार पेलणाऱ्या वर्गाचा) घ्या, आणि एक मीटर माती मिळत नसेल तर भोवती काँक्रीटचं वेष्टन.

यापुढचा प्रश्न विचारायचा धीर फार थोड्यांना होतो: तुमचे ४७० लिटर खालच्या नाल्याला झेपतात का? नाल्यावरची पुढची मोरी तुमच्या आवाराबाहेर आहे, म्हणून ती तुमचा प्रश्न नाही असं होत नाही. ती तुंबली की पाणी खालच्या वस्तीत आणि उलट तुमच्याकडेही येणार. पालिकेनेच आपल्या जागेतून प्रवाह दुप्पट करून सोडायचा आणि खाजगी बिल्डरला नियम सांगायचे, हे शोभत नाही.

बाहेर जाणारा प्रवाह आजच्याइतकाच, २०५ लिटरवर ठेवायचा ठरवलं, तर जास्तीचं पाणी थोडा वेळ आवारातच टाकीत थांबवावं लागतं. वरच्या उदाहरणात १२, २० आणि ३० मिनिटांचे पाऊस तपासले तर साठा सुमारे २०० घनमीटर येतो, सर्वांत जास्त २० मिनिटांच्या पावसाला. टाकी अर्धी असताना बाहेर सोडणाऱ्या भोकातून पाणी कमी दाबाने जातं, म्हणून पाव भाग जादा धरा. २५ बाय ७ मीटर आणि दीड मीटर खोल, झालं. बाहेर पडायला साधारण २९० मिमीचं भोक असलेली स्टीलची प्लेट. प्लेटच्या आधी तिरकी जाळी, आणि टाकी भरलीच तर वरून वाहून जायला सांडवा. सांडवा विसरू नका. विसरलात तर पाणी स्वतःच जागा शोधतं, आणि ती बहुधा स्टोअर रूमची असते. टाकी नको असेल तर कर्मचाऱ्यांच्या पार्किंगचा २,६०० चौरस मीटर भाग सरासरी १० सेंटीमीटर खोलगट ठेवला तरी तेवढंच पाणी मावतं. अर्धा-पाऊण तास स्कूटरची चाकं भिजतील एवढंच. हे पाणी जमिनीवर राहतं, त्यामुळे प्लेट आणि लेव्हल त्या हिशोबाने वेगळी काढावी लागते.

'आम्ही शोषखड्डे केलेत की!' असं उत्तर येतं. तीन बाय तीन बाय तीन मीटरच्या, दगडांनी भरलेल्या खड्ड्यात पोकळी ४० टक्के धरली तरी ११ घनमीटर पाणी मावतं. दोनशे कुठे, अकरा कुठे. आणि काळ्या मातीत ते जिरायला जो वेळ लागतो, त्यात पुढची सर येऊन जाते. भूजलासाठी शोषखड्डा जरूर करा, छताच्या स्वच्छ पाण्याचा करा. गटाराच्या हिशोबात मात्र तो शून्य धरा.

डेपोचं म्हणून एक वेगळं दुखणं आहे. गाड्या धुण्याची जागा, डिझेल पंप आणि कचऱ्याच्या गाड्या उभ्या राहतात तो पट्टा, या तिन्हींचं पाणी पावसाळी गटारात जाता कामा नये. धुण्याच्या रॅम्पवर छप्पर घाला, भोवती १०० ते १५० मिमीचा उंचवटा द्या, म्हणजे बाहेरचा पाऊस आत येणार नाही आणि आतलं पाणी बाहेर जाणार नाही. तिथलं पाणी गाळ-चेंबर, मग तेल वेगळं करणारं चेंबर, मग मलवाहिनी. छप्पर नसेल तर तेलाच्या चेंबरवर सगळा पावसाळा येऊन पडतो आणि साठलेलं तेल धुऊन थेट नाल्यात. कचऱ्यातून झिरपणाऱ्या लीचेटबद्दल तर बोलायलाच नको.

बाकी किरकोळ वाटणाऱ्या, पण दरवर्षी नडणाऱ्या गोष्टी. वरच्या अंगाच्या रस्त्याचं पाणी कंपाउंड वॉलला अडून गेटातून आत येतं. भिंतीबाहेर स्वतंत्र चर काढा आणि गेटासमोर आडवी जाळी टाका. जाळीचं क्षेत्र मोजताना निम्मी जाळी प्लॅस्टिकने बुजलेली आहे असंच धरा. पेव्हर ब्लॉकला दीड ते दोन टक्के उतार, काँक्रीटला किमान एक. जाळी आजूबाजूच्या ब्लॉकपेक्षा सेंटीमीटरभर खाली हवी. कंत्राटदार ती हमखास वर ठेवतो, कारण ब्लॉक नंतर बसतात. चराचा भराव १५०-२०० मिमीच्या थरांत दाबून, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात गटाराच्या रेषेवर ब्लॉक बसलेले दिसतात. चेंबरमधून पाण्याची लाइन किंवा केबल आरपार नेऊ देऊ नका. त्यांच्यावर कचरा अडकतो.

कामाचा क्रम आउटफॉलपासून वर. वरचं गटार आधी बांधून खालचं टोक 'नंतर जोडू' म्हणून सोडलं, तर मृगाच्या पहिल्या सरीला सगळं पाणी त्या टोकाशी तळं करणार. दोन टप्प्यांत विस्तार असला तरी मुख्य गटार शेवटच्या टप्प्याच्या प्रवाहाचंच बांधा. ६०० रुंदीच्या जागी ४५० करून वाचणारं काँक्रीट थोडं असतं, खोदाई आणि मजुरी जवळपास तीच.

आणि बिल काढण्याआधी एक तपासणी. डेपोत टँकर असतातच. दहा हजार लिटरचा टँकर सर्वांत लांबच्या चेंबरशी उभा करा, पूर्ण सोडा, आणि झाकणं उघडी ठेवून आउटफॉलपर्यंत चालत जा. अर्ध्या तासाने परत येताना ज्या चेंबरांत पाणी साचलेलं दिसेल, त्यांचे नंबर मोजमाप पुस्तकात लिहा आणि तिथला उतार दुरुस्त झाल्यावरच सही करा.