‘कृत्रिम त्वचा आली, आता त्वचादान कशाला?’ त्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही आठवडे एक मेसेज सोसायटीच्या ग्रुपपासून माहेरच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय. ‘परदेशात कृत्रिम त्वचा निघाली. जखमेवर लावा, १५ दिवसांत विरघळते आणि खाली नवी कातडी तयार! मांडीची कातडी काढायला नको, त्वचादानही नको. गाईच्या कातड्यापासून बनते म्हणून डॉक्टर सांगत नाहीत.’

मी मुंबईत बर्न्स आणि प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात नर्स आहे. परवा एका पेशंटच्या भावाने हाच मेसेज माझ्यापुढे धरला. त्याच्या बहिणीचा पाय बसच्या चाकाखाली आला होता. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत कातडी सोलवटून निघाली होती. ‘सिस्टर, हे असताना ताईची मांडी का सोलताय?’

दादा, ताईच्या पायावर गेले २४ दिवस तेच तर आहे!

वस्तू खरी आहे. ऑस्ट्रेलियात तयार झालेलं नोव्होसॉर्ब बीटीएम म्हणजे पॉलियुरेथेनचा २ मिलिमीटर जाडीचा पांढरा स्पंज आणि त्यावर चिकटवलेला पारदर्शक पापुद्रा. मेलेलं मांस काढून जखम स्वच्छ केली की हा स्पंज त्यावर स्टेपल करतात. त्याच्या छिद्रांतून खालच्या रक्तवाहिन्या वर चढतात. पांढऱ्याचा लाल होतो, मग गुलाबी. मी रोज पापुद्र्यावरून बोटाने दाबून बघते: दाबलं की फिकट, सोडलं की परत गुलाबी. म्हणजे आत रक्त खेळतंय. याला साधारण तीन-चार आठवडे लागतात. स्पंज पूर्ण विरघळायला मात्र सुमारे दीड वर्ष जातं. १५ दिवसांचा आकडा यात कुठेच बसत नाही.

‘नवी कातडी तयार’ हे तर निम्मंच खरं, आणि लोक फसतात ते इथेच. त्वचेला दोन थर असतात. खालचा जाड थर त्वचेला मऊपणा आणि ताण सोसायची ताकद देतो. स्पंजाच्या सांगाड्यावर तयार होतो तो हाच. वरचा पातळ थर, जो पाणी आत धरतो आणि जंतू बाहेर ठेवतो, तो या स्पंजातून उगवत नाही. त्याच्या पेशी येतात जखमेच्या कडांवरून किंवा केसांच्या मुळांतून. खोल जखमेत ती मुळंच गेलेली असतात. छोटी जखम कडांकडून भरत येते, वीतभर रुंदीची कशी येणार? म्हणून एक दिवस तो पापुद्रा सोलून काढायचा, वहीचं प्लास्टिक कव्हर काढतो तसा, आणि मांडीवरून घेतलेला पातळ ग्राफ्ट, म्हणजे पेशंटच्याच कातडीचा तुकडा, त्यावर बसवायचा.

मग या सगळ्या खटाटोपाचा फायदा काय? फार मोठा आहे. उघड्या चरबीवर किंवा स्नायूवर थेट ग्राफ्ट लावला तर तो पुढे आखडतो. हनुवटी छातीला चिकटलेली, कोपर सरळ न होणारी माणसं मी पाहिली आहेत. खाली मऊ थर असला की हे कमी होतं, आणि मांडीवरून पातळ ग्राफ्ट घेऊनही भागतं. ताईचं ड्रेसिंग काल पाचव्या दिवशी उघडलं. ग्राफ्ट धरलाय.

गाईचं म्हणाल तर बीटीएममध्ये कुठल्याच प्राण्याचं काही नसतं. इंटिग्रा नावाच्या जुन्या पर्यायात गुरांचं कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतला घटक असतो. अमेरिकेत त्याला १९९६ साली मान्यता मिळाली. यात लपवण्यासारखं काही नाही, पेशंटने विचारावं आणि डॉक्टरांनी सांगावं.

राहिलं त्वचादान, आणि यासाठीच मी लिहायला बसले. साठ टक्के भाजलेल्या माणसाला ग्राफ्टसाठी स्वतःची कातडी पुरत नाही. जळालेला भाग काढल्यावर उघडं अंग त्याच दिवशी झाकावं लागतं. त्वचा बँकेतली, म्हणजे मृत्यूनंतर दान मिळालेली त्वचा दोन-तीन आठवडे ते काम करते, नंतर शरीर ती टाकून देतं. तोवर माणूस तगतो. कृत्रिम त्वचा आयात होते, महाग आहे, प्रत्येक वॉर्डात नसते. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचा बँक सुरू झाली, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्यांना कळवायचं, टीम घरी येते. मांड्या, पाय आणि पाठीवरून अगदी पातळ थर घेतात. रक्तगट जुळवावा लागत नाही, मधुमेह असला तरी चालतं. ग्लिसरॉलमध्ये ती पाच वर्षांपर्यंत टिकते.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजोबांनी त्वचादान करायचं म्हणून मुलाला सांगून ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात ते पहाटे गेले. मी नाइट ड्युटीवर होते. मुलाला कुणीतरी हा फॉरवर्ड दाखवला, ‘आता लागत नाही’ म्हणून. मी घरी पोचून त्याच्याशी बोलले तेव्हा साडेसात तास झाले होते.