गावाशी संवाद, लिंक खाली दिली आहे

दुकान बंद करून आले, जेवले, भांडी झाली, तरी डोकं तापलेलंच आहे. म्हणून लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते. वाचलंत तर नुसता अंगठा टेकवून जाऊ नका.

दुपारी एका विद्यापीठाचे शिपाईमामा पेनड्राइव्ह घेऊन आले. कुठलं ते विचारू नका. सांगलीच्या आसपास आता काही कमी नाहीत, आणि शेवटी माझं गिऱ्हाईक आहे. ए-थ्री, कलर, त्यातल्या काही लॅमिनेशनला. पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमांचं पोस्टर. मशीनमधून निघणारा कागद वाचायचाच ही माझी झेरॉक्सवालीची खोड. वर मोठ्या अक्षरात 'आगामी समाजाभिमुख उपक्रम'. खाली यादी. उद्योजकतेवर व्याख्यान, ऑनलाइन. मानसिक आरोग्य, ऑनलाइन. योग, ऑनलाइन. पथनाट्य स्पर्धा, ऑनलाइन! म्हणजे रस्त्यावरचं नाटक घरात करायचं, मोबाइलवर शूट करायचं आणि ड्राइव्हवर टाकायचं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथं 'सीतास्वयंवर' उभं केलं त्या सांगलीत. ह्याला मी हसले. म्हटलं चालायचंच, पोरं आहेत, काहीतरी करतायत.

मग पुढची ओळ आली. नदीकाठच्या गावांशी संवाद, विषय पूरपूर्व तयारी. वेळ सायंकाळी ७. माध्यम झूम. नोंदणीसाठी क्यूआर कोड. सर्व सहभागींना ई-प्रमाणपत्र.

तिथं माझं हसू गेलं.

माझं माहेर कृष्णाकाठचं, पलूस तालुक्यातलं, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. २०१९ चा ऑगस्ट तुम्हाला वेगळा सांगायला नको. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ च्या वर गेलेलं. ब्रह्मनाळची बोट उलटली ती आमच्याच तालुक्यात. आमच्या घरात पाणी माळ्याला टेकलं होतं. आई पलीकडच्या वस्तीवर होती म्हणून वाचली. पाणी उतरल्यावर घरात पाय ठेवला तर कणगीतल्या ज्वारीला मोड आलेले, भिंतीवर चिखलाची रेघ, आणि तो वास. ज्यांनी तो वास घेतलाय त्यांना कळेल. आई उंबऱ्यावर बसून होती. रडत नव्हती, बोलत नव्हती, कुणी चहा दिला तर घेत होती.

आणि मग एक टेम्पो आला. त्यातनं राष्ट्रीय सेवा योजनेची पोरंपोरी उतरली. कुठली माहितीय? जतकडची. ज्यांच्या गावाला उन्हाळ्यात टँकर लागतो ती पोरं आमच्या घरातलं पाणी काढायला आली होती. फावडी, घमेली, खराटे सगळं बरोबर घेऊन. पोरं चिखल ओढत होती. त्यातली एक पोरगी, बारीक चणीची, चष्मेवाली, ती आईच्या ट्रंकेपाशी बसली. ट्रंकेत काय होतं? रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा, आण्णांचा मृत्यूचा दाखला. सगळ्याचा मिळून एक लगदा. मी तर टाकायला काढला होता.

त्या पोरीनं आईकडनं उलथनं मागून घेतलं. पुसलं. आणि त्याच्या पातळ कडेनं एकेक कागद सोडवत बसली. घाई नाही. एक कोपरा सुटला की फुंकर, मग दुसरा. दोरी बांधली, त्यावर कागद टांगले. चिमटे कुठले असणार? स्वतःच्या केसातल्या क्लिपा काढून लावल्या, मैत्रिणींच्याही मागून घेतल्या. हे करता करता ती आईला विचारत होती, आज्जी, पाणी आधी कुठनं आलं? आणि माझी आई, जी आमच्याशी बोलत नव्हती, ती बोलायला लागली. म्हणाली, नदीकडनं नाही येत बाळ, आधी मागचा ओढा फुगतो, तिथनं उलटं येतं. आम्ही पुढं नदीकडं बघत बसतो आणि ते मागनं दारात येतं. पोरीनं वहीत लिहून घेतलं. ओढ्याचं गावात सगळ्यांनाच माहीत होतं. पण आम्हाला बसून विचारलं असं कुणी नव्हतं. जाताना ती आईला म्हणाली, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि पावसाळ्यात ताईंकडं सांगलीला ठेवा. २०२१ च्या जुलैत पाणी परत ५० फुटांच्या पुढं गेलं, तेव्हा तो सातबारा माझ्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये कोरडा होता.

आता मला सांगा, हे झूमवर कसं करणार?

आणि पुरात सगळ्यात आधी काय जातं? वीज. मग मोबाइलची बॅटरी. मग टॉवर. ज्या संकटात मोबाइल पहिल्यांदा मरतो, त्याची तयारी मोबाइलवर करून घेणार. आमच्या गावातले म्हातारे कोयनेतून किती क्युसेकनं सोडलंय ते ऐकून सांगतात पाणी कुठल्या पायरीला लागेल. वारणेचं वेगळं धरतात. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरनं तर पारावर भांडणं होतात, दोन्ही बाजूंना एकेक इंजिनिअर असल्यासारखी. त्यांना 'तुम्ही म्यूटवर आहात काका' म्हणून गप्प बसवणार का? ते बोलणार कुठं? चॅट बॉक्समध्ये?

आणि वेळ काय, तर सातची. आपल्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगावला २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद होतात. पोरं अभ्यासाला बसतात, माणसं माणसांशी बोलतात. देशभरात बातम्या झाल्या त्याच्या. ते एका गावाला सुचतं. सातला धारा काढायच्या असतात, डेअरीला दूध घालायचं असतं, हे सुद्धा पोस्टर करणाऱ्याला सुचत नाही.

ह्या विद्यापीठवाल्यांना आपलाच इतिहास माहीत नाही असं तरी कसं म्हणायचं? जयंतीला हार तर घालतात. कर्मवीर अण्णांचं, म्हणजे भाऊराव पाटलांचं, घराणं आपल्या ऐतवडे बुद्रुकचं. १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग, आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. 'कमवा आणि शिका' म्हणजे हातात कुदळ घेऊन शिकायचं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या पोटासाठी मंगळसूत्र मोडलं. ते काही जिओटॅग फोटोसाठी नव्हतं. आणि ही राष्ट्रीय सेवा योजना, ती गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली, ३७ विद्यापीठांत. वर्षाला १२० तास काम, असं दोन वर्षं, आणि दत्तक गावात सात दिवस मुक्कामाचं शिबीर. मुक्कामाचं! सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री गावासमोर कार्यक्रम. शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचं आणि गावातल्या बायकांनी दिलेल्या भाकरी खायच्या. आमच्या वेळी शिबिरातनं परत आलेली पोरं महिनाभर वेगळीच वागायची.

आता नवीन शैक्षणिक धोरणात तर गावात जाऊन काम करायला क्रेडिट आहेत. चांगली गोष्ट आहे, कुणी नाही म्हटलंय? पण त्याचं होतं काय ते माझ्या काउंटरवर येऊन बघा. रिपोर्टची पीडीएफ एकच. व्हॉट्सॲपवर फिरत फिरत येते. प्रस्तावना तीच, उद्दिष्टं तीच, निष्कर्ष तोच, फक्त पहिल्या पानावरचं नाव आणि रोल नंबर बदलायचा. 'ताई, एवढं एडिट करून द्या की.' परवा एकाचा घनकचऱ्याचा रिपोर्ट होता, मिरज तालुक्यातल्या गावाचा, आणि फोटोत मागं नारळाची झाडं आणि चक्क समुद्र. मी विचारलं, बाळा, मिरजेला समुद्र कधी आला? तो म्हणाला, ताई कोण बघतंय, तुम्ही बाइंडिंग करा. केलं मी बाइंडिंग. माझं पोट त्याच्यावर आहे. ई-प्रमाणपत्राची कलर प्रिंट तर माझं सगळ्यात जास्त खपणारं काम आहे. तेव्हा ह्यात माझा तोटा काहीच नाही, उलट फायदाच आहे, तरी बोलतेय म्हणजे समजून घ्या.

ऑनलाइनच्या विरोधात बोलतेय म्हणून लगेच येऊ नका अंगावर. माझी धाकटी जाऊ मुक्त विद्यापीठातून पदवीधर झाली, दोन पोरं सांभाळून. तिकडं आतल्या गावांना शेवटची एसटी किती वाजता असते ते मला माहीत आहे. पुण्यामुंबईच्या चांगल्या माणसाचं भाषण तिला मोबाइलवर ऐकायला मिळत असेल तर कशाला नको? ऐकावं. भाकरी थापता थापता ऐकते ती, कान असतो तिचा. व्याख्यानं ठेवा ऑनलाइन. करिअर मार्गदर्शन ठेवा. पण ते विद्यापीठ जाऊबाईंपर्यंत पोचणं झालं. गावाशी संवाद म्हणजे गावाचं विद्यापीठानं ऐकणं. त्यासाठी गावात यावं लागतं, पायाला चिखल लावून. सांगलीहून पलूस काय दिल्ली आहे?

हे सगळं मी शिपाईमामांना सुनावलं, बिचारे पोस्टरांची गुंडाळी करत उभे होते. ते म्हणाले, ताई, ते पोस्टर रात्री जागून केलंय बघा त्या सरांनी. कोण सर म्हटल्यावर कळलं, तासिका तत्त्वावरचे आहेत. महिने महिने मानधन निघत नाही. गाडी करायची तर पैसे कोण देणार, पोरांना पाण्याजवळ नेलं आणि काही झालं तर जबाबदारी कुणाची, पालकांची संमतीपत्रं, वरची परवानगी, परत मूल्यांकनाच्या फाइलला महिन्याला अमुक एवढे कार्यक्रम दिसायलाच पाहिजेत. झूमला ह्यातलं काही लागत नाही. फुकटच्या खात्यावर चाळीस मिनिटं मिळतात, त्यात उद्घाटन, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख आणि आभार बसतात.

त्या सरांवरचा माझा राग तिथं उतरला. पोरगं असेल तिशीतलं, नेट-सेट झालेलं, तासावर राबणारं. त्याला कशाला बोलू? त्यानं निदान नदीकाठ हा विषय तरी घेतला. बाकीच्यांनी योगावर भागवलं.

पण मग परत वाटतं, २०१९ ला त्या जतच्या कॉलेजकडं तरी कुठला खजिना होता? टेम्पो कुणाचा तरी मागून आणलेला, मागच्या फळीवर सिमेंटची धूळ तशीच होती. त्यांच्या मॅडम साडी खोचून पोरींबरोबर घमेली उचलत होत्या. जेवण आमच्या गावानं दिलं. चुली नव्हत्या तर वरच्या वाडीतनं आमटी-भात आला. कुणाला प्रमाणपत्र मिळालं का नाही, देव जाणे. त्या पोरीचं तर नावसुद्धा आईच्या लक्षात नाही. 'क्लिपावाली' म्हणते तिला. अजून विचारते मला, तुझ्या दुकानात येती का गं ती क्लिपावाली? मी काय सांगू? जत कुठं, सांगलीतलं विश्रामबाग कुठं. आणि माझ्या दुकानात जी येतात ती समुद्रवाली.

म्हातारी थकलीय आता. घर परत नीट झालं, भिंत रंगवली, पण ती चिखलाची रेघ तिनं देवळीपाशी वीतभर तशीच ठेवायला लावली. रंगाऱ्याशी भांडली त्यासाठी. मला तेव्हा कळलं नव्हतं कशाला. आता कुणी पुराचं विचारलं की ती तिथं बोट ठेवते आणि सांगायला सुरुवात करते. ते बोट झूमवर दिसायचं नाही हो. माझ्या फोनवर तिचं नुसतं कपाळ दिसतं.

असो. मामांबरोबर सरांना चिठ्ठी पाठवलीय. हेच लिहिलंय, जरा बऱ्या भाषेत. कार्यक्रम रद्द करू नका, फक्त जागा बदला. पावसाळा तोंडावर आहे, जुलैच्या आत या. गावात ग्रामपंचायतीचा हॉल आहे, मारुतीचा पार आहे, माईकही आहे. ओढा कुठनं फुगतो ते दाखवायला चुलते येतील, त्यांना चालायला होत नाही, पण मोटरसायकलवर मागं बसवलं की सगळा शिवार दाखवतात. कुणाकुणाच्या घरातले कागद अजून ट्रंकेतच आहेत ते पोरींनी घरोघर जाऊन बघावं. झेरॉक्स आणि लॅमिनेशन माझ्याकडनं फुकट, अख्ख्या गावाचं. पोस्टरही परत छापून देते, त्याचेही पैसे नकोत.

ह्या ग्रुपात प्राध्यापक मंडळी बरीच आहेत, त्यांनाही हेच आमंत्रण समजा. टेम्पोवाला ओळखीचा आहे, डिझेलचे तेवढे काढा. जेवणाची काळजी नको, भावकीतल्या बायका मिळून भाकरी करतील. फक्त किती जण येणार ते दोन दिवस आधी कळवा, पीठ दळून आणायला पलूसला जावं लागतं, आणि तिथला गिरणीवाला मंगळवारी बंद असतो.