राउटर कुणाच्या हातात आहे?

"स्टेशनवरचं फुकट वायफाय वापरू नका, बँक खातं रिकामं होईल!" हा फॉरवर्ड आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर सारखा फिरत असतो. टाकणारे बहुतेक वेळा तेच काका, ज्यांच्या एका फायबर लाइनवर मजल्यावरच्या चार खोल्या चालतात. त्या लाइनचा पासवर्ड जिन्याजवळच्या मीटरच्या पेटीवर मार्करने लिहून ठेवलाय.

माझं मत नेमकं उलट आहे. मुंबईत तुमच्या खासगीपणाला प्लॅटफॉर्मवरच्या अनोळखी हॅकरपेक्षा ओळखीच्या माणसाच्या राउटरचा धोका जास्त. पण त्यावर कुणी बोलत नाही. बोललं की शेजाऱ्यावर संशय घेतल्यासारखं होतं ना!

स्टेशनचं आधी उरकते. जानेवारी 2016 मध्ये गूगल आणि रेल्वेच्या रेलटेल कंपनीचं फुकट वायफाय मुंबई सेंट्रलपासून सुरू झालं, तेव्हा बऱ्याच साइट्स साध्या, म्हणजे एन्क्रिप्शनचं कुलूप नसलेल्या एचटीटीपीवर होत्या आणि उघड्या नेटवर्कवर शेजारी बसलेल्याला त्यातला मजकूर वाचता यायचा. 2018 पासून क्रोम अशा प्रत्येक साइटवर 'नॉट सिक्युअर'चा शिक्का मारायला लागलं. आज बँक, जीमेल, यूपीआय सगळं एन्क्रिप्ट होऊनच जातं. पथ्य एकच: साइटच्या सर्टिफिकेटमध्ये, म्हणजे तिच्या ओळखपत्रात, गडबड असल्याची सूचना आली की कितीही घाई असो, 'तरीही पुढे जा' दाबायचं नाही.

मग घरच्या वायफायवर दिसतं तरी काय? चाळीच्या गॅलरीत बसलेल्या आजींना कोण कुणाकडे आलं, किती वेळ थांबलं हे बरोबर ठाऊक असतं. दार लावून आत काय बोलणं झालं ते नसतं. राउटरचंही तसंच. साइटचं नाव, वेळ, किती डेटा गेला एवढं कळू शकतं. आता म्हणाल, नुसत्या नावाने काय होतंय? वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या क्लिनिकची साइट, घटस्फोटाच्या वकिलाची साइट, कर्ज देणारं ॲप, नोकरीचं पोर्टल. यातलं एक नाव जिन्यात पोचलं तरी पुरे आहे.

पीजीत राहणाऱ्या मुलींना विचारून बघा. माझ्या एका मैत्रिणीला मालकीणबाईंनी सकाळी चहा देता देता विचारलं, "काल रात्री दोनपर्यंत जागी होतीस ना गं?" बाईंच्या मोबाइलवर राउटरचं ॲप होतं. त्यात प्रत्येकीचा फोन नावानिशी दिसायचा आणि कोणता किती वाजता जोडला गेला, तेही. बाई काही वाईट नव्हत्या, त्यांना फक्त सवय लागली होती. मैत्रिणीने सेटिंगमध्ये जाऊन फोनला दिलेलं स्वतःचं नाव बदलून काहीतरी निरर्थक ठेवलं. बाईंना थोडे दिवस तरी कोडं पडलं.

ब्राउझरच्या इन्कॉग्निटो मोडने यातलं काही लपत नाही. तो तुमच्याच फोनमधली हिस्ट्री ठेवत नाही, इतकंच. अँड्रॉइड 9 पासून पुढच्या फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' नावाची सोय आहे, ती सुरू केली की साइटच्या नावांची चौकशी राउटरला उघडी दिसत नाही. नाव शंभर टक्के लपत नाही, पण हौशी डोकावणाऱ्याला एवढं पुरतं. व्हीपीएन, म्हणजे सगळा डेटा एन्क्रिप्ट करून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत पाठवणारी सेवा घेतलीत तर राउटरवाल्याऐवजी व्हीपीएनवाल्यावर विश्वास टाकताय, हे लक्षात असू द्या. 2022 मध्ये सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा काहींनी भारतातले सर्व्हरच हलवले. फुकटच्या व्हीपीएनबद्दल तर बोलायलाच नको.

लाइन ज्यांच्या नावावर आहे त्यांनीही जरा जपावं. 2008 मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल गेला, तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या वायफायवरून. पोलीस आधी त्या घरी पोचले, भाडेकरूची चौकशी झाली. त्या नेटवर्कमध्ये घुसणारा निघाला भलताच! आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या लाइनच्या पत्त्यावरून, लाइन कुणाची ते कळतं, बटण कुणी दाबलं ते नाही. म्हणून वाटून घ्यायचं तर खुशाल घ्या, पण शेजाऱ्यांना वेगळ्या पासवर्डचं 'गेस्ट नेटवर्क' द्या, खोली सोडून कुणी गेलं की पासवर्ड बदला आणि राउटरच्या सेटिंगचं कंपनीने दिलेलं 'ॲडमिन-ॲडमिन' हे नाव-पासवर्ड आजच्या आज काढा. सोय असेल तर राउटरमध्ये डब्ल्यूपीए3 ही वायफाय सुरक्षेची नवी पद्धत निवडा. जुन्या डब्ल्यूपीए2 मध्ये सामायिक पासवर्ड माहीत असलेल्याला, थोडी खटपट केली तर, हवेतून जाणारा इतरांचा डेटा पकडून उलगडता येतो.

हे सगळं करूनही डॉक्टरचे रिपोर्ट, नवी नोकरी शोधणं आणि वकिलाशी पत्रव्यवहार मी मोबाइल डेटावरच करते. मोबाइल कंपनीला काय दिसायचं ते दिसतंच, मान्य आहे. पण ती कंपनी माझ्या आईला जिन्यात भेटत नाही.