पाणंद तुमची, गाडी माझी: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, रामराम.

मराठवाड्यातल्या स्वस्त मुक्कामांवर आणि आडवाटांवर मी लिहिलं होतं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. उत्तर लांबणार होतं, म्हणून वेगळं लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं: लाखांची गाडी घेऊन फिरणारा माणूस झोपायला फुकट जागा हुडकतो, ही शेतकऱ्याची थट्टा आहे. ज्या पाणंदीतून, म्हणजे शेतवाटेतून, पावसाळ्यात लेकरं शाळेत जाऊ शकत नाहीत, बाळंतिणीला बाजेवर घालून डांबरीपर्यंत आणावं लागतं, ती पाणंद तुम्हा लोकांना ‘ऑफ-रोडिंग’ वाटते. आणि शेवटी, ‘आमच्या शिवारात येऊ नका.’

राग समजतो. पण शेवटचं वाक्य मला मान्य नाही. का, ते सांगतो.

आधी पैशाचं. माझी बोलेरो जुनी आहे, सेकंडहँड घेतलेली. पण ते जाऊ द्या, जुनी असली तरी गाडी ती गाडीच. मुक्काम मात्र मी कुठेही फुकट करत नाही. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या कोठ्यावर, राहिलो की मालकाच्या हातावर पैसे ठेवायला जातो आणि दहातले नऊ जण ‘पाहुण्याकडून पैसे कसले घ्यायचे’ म्हणून हात मागे घेतात. म्हणून मी जेवणच त्यांच्याकडे सांगतो. पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा, जे घरात शिजेल ते, आणि ताटाचे पैसे आधीच बोलून. जागेचे पैसे घ्यायला माणूस लाजतो, ताटाचे घ्यायला लाजत नाही. डिझेल, किराणा, पंक्चर हे सगळं तालुक्याच्या गावी. पुण्याहून बर्फाच्या पेटीत पनीर भरून आणणारे आणि गावातून फक्त पाणी भरून घेणारे गट मीही पाहिलेत. तुमची प्रतिक्रिया त्यांच्यासाठी असेल तर माझी सही त्याखाली धरा.

आता पाणंद. इथे तुमचं दुखणं खरं आहे. शेतात जायला रस्ता नाही ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की सरकारला 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणावी लागली. पण बाहेरून येणाऱ्याला एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती इथे लिहून ठेवतो. शिवारातल्या सगळ्या वाटा सारख्या नसतात. गावनकाशावर दुहेरी तुटक रेषेनं दाखवलेला गाडीरस्ता वेगळा, एकेरी रेषेची पायवाट वेगळी. आणि जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे खेटे घालून मिळवलेली बांधावरची वाट तर त्याहून वेगळी. ती त्या खातेदाराला स्वतःच्या शेतात जाण्यासाठी मिळालेली असते. कुणीतरी वर्षानुवर्षं तारखा केलेल्या असतात त्यासाठी. त्या वाटेनं माझी गाडी घालणं म्हणजे दुसऱ्याच्या भाऊबंदकीत चाक घालणं.

मोबाईलच्या नकाशात हा फरक दिसत नाही. उपग्रहाच्या फोटोत सगळ्या वाटा सारख्याच पांढऱ्या. म्हणून डांबरी सोडताना पारावर किंवा टपरीवर थांबून विचारायचं, आणि ‘ही वाट कुठं जाते?’ असं विचारायचं नाही. त्याचं उत्तर ‘जाते की पुढं’ असंच येतं. ‘इथून बाहेरची गाडी गेली तर कुणाला अडचण होईल का?’ असं विचारलं की लोक खरं बोलतात. मग कुणाचं वावर आहे, कुणाशी कुणाचं वाजलंय, पुढे कुणी बांध कोरून वाट अरुंद केली आहे, सगळा इतिहास चहासोबत मिळतो.

चिखलाबद्दल तर मी तुमच्यापेक्षा कडक आहे. पावसाळ्यात काळ्या रानात गाडी घालायचीच नाही. फोर बाय फोर असली तरी. जाहिरात पाहून नव्या लोकांना वाटतं की चारही चाकांना जोर मिळाला म्हणजे गाडी कुठूनही निघेल. जोर मिळतो, पकड मिळत नाही. आपल्या काळ्या मातीत पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती आहे, उन्हाळ्यात तिलाच हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली झाली की ती टायरच्या खाचांमध्ये बसते, दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतं, आणि मग चाक नुसतं जागेवर फिरतं. पुढचा थर मडगार्डमध्ये जाऊन बसतो, तो खुरप्यानं खरवडून काढावा लागतो. गाडी ट्रॅक्टरनं निघतेही, पण खरं नुकसान त्यानंतर होतं. पाऊस उघडला की ती चाकोरी दगडासारखी वाळते. पुढच्या पावसापर्यंत बैलगाडीचं चाक त्यातच आपटत राहतं, दुचाकीवरून दूध नेणारा पोरगा त्यातच पडतो. आम्ही व्हिडिओ टाकून मोकळे.

माझ्या लेखातला पाण्यातल्या गाडीचा फोटो तुम्हाला खटकला. तो जानेवारीतला आहे, ओढ्यावरच्या फरशी पुलाचा. घोटाभर पाणी, खाली सिमेंट.

खरं म्हणजे बालाघाट डोंगररांगेच्या माळांवर फोर बाय फोरचं काम थोडंच पडतं. मुरमाड उतारावरून ब्रेक न दाबता सावकाश उतरायचं असेल तेव्हा लो रेंज, म्हणजे गाडी हळू पण जोरात चालवणारा जादा गिअर, उपयोगी पडते. बाकी वेळ हवा असतो तो गाडीच्या पोटाखाली मोकळा वाव, आणि बाजूनं न फाटणारं टायर, कारण या काळ्या दगडाच्या कडा धारदार. साध्या जीपनं, मोटारसायकलनं यातलं बरंच फिरता येतं. हे मी मूळ लेखातही लिहिलं होतं, पण गाडीचा फोटो वर असला की खालचं कोण वाचतं.

तुम्ही लिहिलं नाही, पण लिहायला हवं होतं, असं एक आहे: रात्र. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या-तांड्यांवरची धडधाकट माणसं ऊसतोडीला जातात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि लेकरं. अशा वस्तीवर रात्री नऊला अनोळखी गाडीचे दिवे वळले तर काळजाचं पाणी होतं. म्हणून माझा नियम आहे, दिवस मावळायच्या आत पोचायचं, ज्याचं वावर त्याला तोंड दाखवायचं, नाहीतर सरळ तालुक्याला परत. यात आपलाही जीव वाचतो. अंधारात कठडा नसलेली विहीर गवतात दिसत नाही. रानडुकरांसाठी काही जण कुंपणाच्या तारेत चोरून करंट सोडतात, तो तर दिवसाही दिसत नाही, फक्त मालकाला माहीत असतो.

आणि पाणी. शेतीची थ्री फेज लाइट पुष्कळदा रात्रीच्या पाळीत येते. मोटारीला ऑटो बसवलेला असतो. तुम्ही सपाट, मऊ, कोरडी जागा बघून पाटाच्या कडेला तंबू टाकलात की दीड वाजता मोटार आपोआप सुरू होते आणि अंथरुणाखाली गार लागायला लागतं. मालकाला विचारलं असतं तर त्यानं आधीच हात करून सांगितलं असतं, ‘तिकडं नको, उद्या हरभऱ्याला पाणी आहे.’ सोयाबीनच्या बनमीजवळ, म्हणजे कापून रचलेल्या ढिगाजवळ, किंवा कडब्याच्या गंजीजवळ स्टोव्ह पेटवायचा नाही हे सांगायला लागू नये, पण लागतं. आणि तंबू नसेल तर जमिनीवर झोपू नका, बाज मागून घ्या. मण्यार रात्रीच हिंडते, झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावलेलं पुष्कळदा कळतही नाही.

आता तुमच्या ‘येऊ नका’बद्दल. तुमच्या वावरात येऊ नका म्हणालात तर नाही येणार, तो तुमचा हक्क. पण मराठवाड्यात येऊ नका, हे कसं पटावं? वेरूळ-अजिंठा बघून माणसं परत फिरतात. पाटोद्याजवळ सौताड्याला विंचरणा नदी दरीत उडी घेते, ते पुढच्या जिल्ह्याला माहीत नाही. खरोशाच्या लेण्या, परांड्याचा किल्ला, नळदुर्गात बोरी नदीवर बांधलेला पाणीमहाल, सगळीकडे बाहेरची माणसं मोजकीच. आणि मुक्कामाला दर वेळी कुणाचं शेतच लागतं असंही नाही. देवस्थानांचे भक्तनिवास आहेत, गावातल्या मंदिराचा सभामंडप आहे, सरपंचांना विचारून ग्रामपंचायतीची जागा मिळते. हुरड्याच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, बरेच शेतकरी स्वतःच शेतावर लोकांना बोलावतात, पैसे सांगून. तिथे मुक्कामाचं विचारलं तर बहुतेकदा होच म्हणतात.

जिथे मी स्वतः ‘येऊ नका’ म्हणतो त्या जागाही आहेत. गौताळा 1986 पासून अभयारण्य आहे. तिथल्या आडवाटेवर गाडी घालायची किंवा दरीकाठी तंबू ठोकायचा तर वनखात्याची परवानगी लागते. 1972 च्या वन्यजीव कायद्यात तसं स्पष्ट आहे, ‘आम्ही शेकोटी नाही केली’ म्हणून सुटका होत नाही. जायकवाडी धरणाचा जलाशय, नाथसागरही पक्षी अभयारण्यच, हे निम्म्या लोकांच्या गावीही नसतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या काठावर गाडी नेऊ नये. पाणी ओसरल्यावर जी गाळपेर उघडी पडते, ती वरून पापुद्रा धरून वाळलेली दिसते आणि खाली महिनोन्महिने लोण्यासारखी असते. त्यात कुणाचा तरी हरभरा किंवा टरबूजही असतं. रिकामी जागा म्हणून तिच्यावर फिरणारे, व्हिडिओ काढणारे बघितले की तुमच्यासारखंच लिहावंसं वाटतं.

एक विनंती तुम्ही केली नाही, पण तिचं उत्तर आधीच देतो. मी आखाड्यांची, माळांची ठिकाणं नकाशावर टाकत नाही, टाकणारही नाही. लोक रागावतात, ‘मग लेख कशाला लिहिता’ म्हणतात. एका मालकानं मला एकदा झोपू दिलं म्हणजे त्यानं चाळीस गाड्यांना हो म्हटलेलं नाही. कुठला तालुका, कुठला हंगाम, कुणाला विचारायचं, एवढं लिहितो. पुढचं ज्यानं त्यानं पारावर बसून विचारावं.

तुमच्या गावची पाणंद यंदा मंजूर झाली का, ते मात्र कळवा. झाली असेल तर खडी पडेपर्यंत कुठल्याच जीपवाल्याला तिकडे पाठवणार नाही.