पाताळातला नवरा कसा रंगवावा

तरुण वाचकांसाठी ग्रीक पुराणातल्या पर्सेफोनीची कथा नव्याने लिहायला घेतलीत म्हणे? उत्तम. आधी एक पथ्य पाळा: मूळ स्तोत्र वाचू नका. तिची आई, धान्याची देवी डिमीटर, हिचं ते प्राचीन ग्रीक होमरी स्तोत्र ४९५ ओळींचं, चहा पिता पिता संपेल. पण एकदा वाचलंत की तुमच्या कादंबरीचं काही खरं नाही.

त्यात पोरगी फुलं वेचत असते. तिचा बाप, देवांचा राजा झ्यूस, याच्या मर्जीने धरतीने तिच्यासाठी सापळा लावलेला, एका कंदातून शंभर फुलं आलेला नरगिस. ती हात घालते, जमीन फाटते, पाताळाचा राजा हेडीस याचा सोन्याचा रथ वर येतो. ती किंचाळून बापाला हाका मारते, आणि बापानेच तिला परस्पर देऊन टाकलेलं असतं. हे असलं तुमच्या मुखपृष्ठाला शोभणार नाही. त्यापेक्षा ती घरच्या जाचाला कंटाळून आपणहून खाली उतरू दे. हेडीसला काळा कोट, धारदार जबडा आणि बालपणीचं एखादं दुःख द्या. तीन डोक्यांचा कुत्रा आयता आहेच. कुत्र्याचे लाड करणारा माणूस वाईट कसा असेल? (हेडीस तिचा सख्खा काका लागतो, हे मात्र चुकूनही लिहू नका.)

आता आई. हिचा काटा काढल्याशिवाय प्रेमकथा उभी राहत नाही. मुळात ती नऊ दिवस अन्नपाणी आणि आंघोळ सोडून, हातात मशाली घेऊन लेकीला शोधते. मग म्हातारीचं रूप घेऊन एल्युसिस गावच्या विहिरीवर बसते. राजाच्या मुली विचारपूस करतात, तेव्हा सांगते, मला क्रीटहून चाच्यांनी बळजबरीने पळवून आणलं. लेकीवर गुदरलेलं ती स्वतःच्या नावावर सांगते! पुढे परक्याचं बाळ रोज रात्री आगीत ठेवून अमर करू बघते. तेही हातचं जातं, तेव्हा जगाचं धान्य रोखून धरते, आणि झ्यूसला नमावं लागतं. एवढ्या सगळ्याला तुमच्याकडे एक ओळ पुरे: 'मॉम नेहमीसारखी ओव्हररिॲक्ट करत होती.'

डाळिंबाला मात्र अख्खं प्रकरण द्या. स्तोत्रात एकच दाणा, तोही हेडीस गुपचूप देतो, म्हणजे तिला खाली परतावंच लागेल. परत आल्यावर लेक आईला सांगते, बळेच खायला लावला. रोमन कवी ओव्हिडने सात दाणे केले. तुम्ही अख्खं फळ घ्या, रस हनुवटीवरून ओघळू द्या, नजरेला नजर भिडू द्या. डाळिंब सोलत बसायला लागतं, असल्या शंका काढू नका. पाताळात सोललेलंच मिळतं.

राहता राहिला हिशेब. मूळ कथेत वर्षाचा एक तृतीयांश खाली, बाकीचा आईजवळ. एवढे महिने माहेरी काढायचे म्हणजे प्रेमकथेचे वांधे. ते दुसऱ्या भागावर ढकला, करार एरवीही तीन भागांचाच असतो.

आणि हो, अर्पणपत्रिकेत 'प्रिय आईस' लिहायला विसरू नका.