पाच वॅटचा व्हॉल्व्ह अँप उघडावा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, आणि तिच्यातला राग कुणाच्या तरी काळजीपोटी आलेला आहे हे वाचताना कळतं. म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळा होत नाही. छोट्या व्हॉल्व्ह गिटार अँपचा (व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या) आवाज कसा सुधारायचा यावर मी लिहिलं, त्यावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) बदलून आवाज बदलतो हा कानाचा भ्रम आहे. ज्या इंजिनियरांनी सर्किट काढलं, त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं असं समजणं हा उद्धटपणा आहे. तेवढ्याच पैशात डिजिटल प्रोसेसर येतो. आणि जिथे धड अर्थिंग नाही अशा गावांतल्या पोरांना ३०० व्होल्टच्या डब्यात हात घालायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. बाकी कुठे चुकलं तर आवाज बिघडेल, इथे चुकलं तर माणूस जाईल. पाच वॅटचा अँप दिसायला लहान असला तरी रेक्टिफायरनंतर (एसीचा डीसी करणारा भाग) आत ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो. प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटर, म्हणजे तो डीसी सपाट करणारे, तो धरून ठेवतात, आणि काही स्वस्त अँपमध्ये तो उतरवणारा ब्लीडर रेझिस्टन्सच दिलेला नसतो. म्हणून क्रम पक्का हवा. प्लग सॉकेटमधून काढून डोळ्यांसमोर ठेवायचा. मल्टिमीटर १००० व्होल्ट डीसीवर लावून मुख्य फिल्टर मोजायचा. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेशन असलेल्या क्लिपांनी लावून चार्ज उतरू द्यायचा, आणि पुन्हा मोजायचं. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची सवय अनेक दुकानांत दिसते, ती घेऊ नका. चालू अँपवर मोजायचंच असेल तर एक हात पाठीमागे, पायात रबरी चप्पल, आणि घरात दुसरं कुणीतरी जागं. ज्याने आजवर मल्टिमीटर धरलेला नाही त्याने अँप उघडू नये, यावर तुमचं-माझं एकमत आहे. यापुढे या विषयावरच्या प्रत्येक लेखात हे सगळ्यात वर असेल.

पण अर्थिंगचा मुद्दा तुम्ही मॉडिफिकेशनच्या विरोधात वापरलात, तो तिथे बसत नाही. गिटारच्या तारा ब्रिजमधून आणि केबलच्या शील्डमधून थेट अँपच्या चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात. ज्या पोराने आयुष्यात अँपचा एक स्क्रू फिरवला नाही, त्याच्याही बोटांखाली ती चासी असते. १४ एप्रिलच्या भीमगीतांच्या कार्यक्रमाचं स्टेज आठवा. पीए (लोकांना ऐकू जाणारे मोठे स्पीकर) जनरेटरवर, गिटारचा अँप शेजारच्या घरातून ओढलेल्या वायरवर, आणि गिटार वाजवणाराच कोरस द्यायला माइकजवळ जातो. चासीत करंट उतरलेला असेल तर झटका ओठांना बसतो. म्हणून वायरमनला बोलवा, सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला मागे खरंच वायर आहे का बघा, फेज आणि अर्थ यांच्यात बल्ब लावून तो पूर्ण पेटतो का हे त्याच्याकडूनच तपासून घ्या. गुणगुण कमी होते म्हणून प्लगची जाड पिन तर कधीच काढू नका. हे अँप न उघडणाऱ्यालाही तितकंच लागू आहे.

आता कपॅसिटर. महागडा, सोनेरी अक्षरांचा कपॅसिटर लावला की आवाज ‘उघडतो’ असं म्हणणाऱ्यांशी माझंही पटत नाही. त्याच व्हॅल्यूचा साधा, चांगल्या प्रतीचा फिल्म कपॅसिटर पुरतो. पण मी ब्रँड बदलायला सांगितलंच नव्हतं, व्हॅल्यू बदलायला सांगितली होती, आणि त्याचा परिणाम कागदावर काढता येतो. अशा अँपमध्ये पहिला व्हॉल्व्ह १२एएक्स७, म्हणजे रेडिओवाल्यांचा ईसीसी८३. त्याच्या कॅथोडला (तापून इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) बहुधा १.५ किलोओहमचा रेझिस्टन्स आणि त्याला समांतर २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. या जोडीची फ्रिक्वेन्सी निघते सुमारे ५ हर्ट्झ, म्हणजे गिटारमधलं सगळंच पूर्ण ताकदीने पुढे जातं. २२ च्या जागी ०.६८ मायक्रोफॅरड लावा. आता वरचा आवाज होता तसाच राहतो, साधारण ३०० हर्ट्झपासून खाली उतार लागतो आणि १५० च्या खाली पातळी ६ डेसिबलच्या आसपास कमी होत जाते. ६ डेसिबल म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज निम्मं. हे ऐकायला फार तयार कान लागत नाही.

बास कापून फायदा काय, हे तुम्ही विचारलंत ते बरं झालं. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची. पाच वॅटच्या अँपमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर मुठीत मावेल एवढा आणि स्पीकर बहुधा ८ इंची. त्या दोघांनाही ८२ हर्ट्झ नीट पेलत नाही. जोरात वाजवलं की खालचे सूर ट्रान्सफॉर्मरचा गाभा भरून टाकतात आणि त्याच वेळी वाजणारे वरचे सूर चिरडले जातात. जाड तारेवर पॉवर कॉर्ड (दोन सुरांची कॉर्ड) मारून ऐका. व्हॉल्यूम अर्ध्यावर असेपर्यंत दोन सूर वेगळे कळतात, पुढे नेला की ओल्या गोणपाटाखालून आल्यासारखा एकच घुमा आवाज येतो. बास सुरुवातीलाच थोडा कापला की तीच कॉर्ड डिस्टॉर्शनमध्येही मोकळी ऐकू येते. आमच्याकडची बहुतेक समाजमंदिरं टिनाच्या छताची, सिमेंटच्या भिंतींची. तिथे खालचा आवाज आधीच घुमतो, त्यामुळे हा बदल शहरातल्या गादी-पडद्यांच्या खोलीपेक्षा इथे जास्त उपयोगी पडतो.

इंजिनियरांबद्दल मला आदर आहे. या सगळ्या छोट्या अँपचा वंश १९५० च्या दशकातल्या फेंडर चॅम्पपर्यंत जातो. त्याचं ५एफ१ सर्किट एका कागदावर मावतं, एक १२एएक्स७, एक ६व्ही६ आणि एक रेक्टिफायर, आणि त्यात एकही भाग उगाच नाही. पण आज पाच वॅटचा अँप बनवणाऱ्या कारखान्याला किंमत, वजन आणि जगभर एकच मॉडेल विकणं हे सगळं सांभाळावं लागतं. आर्वी तालुक्यातल्या गावात लाईन कशी असते हे त्याच्या हिशेबात येणार कसं?

माझ्याकडचा अँप १२एएक्स७ आणि ईएल८४ (स्पीकरला ताकद देणारा पॉवर व्हॉल्व्ह) वर चालतो. २३० व्होल्टवर मोजलं तेव्हा ईएल८४ च्या प्लेटवर (इलेक्ट्रॉन गोळा करणारा भाग) ३०५ व्होल्ट आणि कॅथोडवर ९.२ व्होल्ट होते. कॅथोडचा रेझिस्टन्स १५० ओहमचा, म्हणजे एकूण करंट ६१ मिलिअँपिअर. त्यातले साधारण ६ स्क्रीनचे (व्हॉल्व्हमधली एक जाळी) वजा केले तर प्लेटचे ५५ उरतात. प्लेट आणि कॅथोडमधला फरक २९६ व्होल्ट. गुणाकार येतो १६ वॅटच्या थोडा वर, आणि ईएल८४ च्या डेटाशीटमध्ये प्लेटची मर्यादा १२ वॅट लिहिलेली आहे. हे २३० व्होल्टवर. हरभऱ्याला, गव्हाला पाणी सुरू असतं त्या दिवसांत संध्याकाळी माझ्या घरी मीटर १८५ दाखवतो आणि मध्यरात्रीनंतर भार उतरला की २५२. त्या वेळी दिवा मालवून बघितलं तर व्हॉल्व्हच्या प्लेटच्या शिवणीवर लाल रेघ दिसत होती. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या जुन्या रेडिओ मिस्त्रींना आकडे सांगितले. त्यांनी सोल्डरिंग गन खाली ठेवली आणि म्हणाले, “करंट जास्त खाऊन राह्यला बापा तो, कॅथोडचा रेझिस्टन्स वाढव.” १५० च्या जागी २७० ओहम, ५ वॅटचा लावला. आता कॅथोडवर ११ व्होल्ट, करंट सुमारे ४१ मिलिअँपिअर, आणि प्लेटचं उष्णतेचं गणित ११ वॅटच्या आसपास बसतं. आवाजाची पातळी कानाला जाणवेल इतकी घटली नाही. तार हलकी छेडली की स्वच्छ, जोरात मारली की फाटतो, हा व्हॉल्व्ह अँपचा खरा गुण उलट जास्त मोकळा झाला.

संध्याकाळचे १८५ व्होल्टही तितकेच महत्त्वाचे. व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात, दहा टक्के वर-खाली चालतात. मेन्स १८५ असताना हीटरला जेमतेम ५ मिळतात. कॅथोड नीट तापत नाही, वरचं व्होल्टेजही पडतं, आणि आवाज बसतो. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं याला ‘अँप म्हातारा झाला’ म्हणतात आणि नवे व्हॉल्व्ह मागवतात. पैसे जातात, आवाज संध्याकाळी तसाच. म्हणून माझ्या यादीत पहिला सुटा भाग स्टॅबिलायझर आहे. असा अँप मेन्समधून पन्नास वॅटसुद्धा खात नाही, त्यामुळे लहान चालतो, पण सर्व्होचा, म्हणजे मोटरने व्होल्टेज सलग सांभाळणारा घ्या. रिलेचा स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने उडी मारतो आणि प्रत्येक उडीचा टक आवाज स्पीकरमधून येतो.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला नको. मे महिन्यात खोलीतच चाळीशी ओलांडते, त्यात व्हॉल्व्ह बंद पेटीत तापलेले. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांमागे निम्मं होतं असा ढोबळ हिशेब आहे. म्हणून फिल्टर बदलायची वेळ येईल तेव्हा ८५ अंशांचे नाही, १०५ अंशांचे घ्या.

मूळ वस्तूची किंमत जाते हा तुमचा मुद्दा जुन्या, दुर्मीळ अँपसाठी पूर्ण मान्य. त्यांना हातही लावू नये. आजच्या कारखान्यातल्या अँपला नवीन भोक पाडायचं नाही, काढलेले भाग चिठ्ठी लावून पिशवीत घालून पेटीतच ठेवायचे, एवढं पाळलं की तासाभरात तो पूर्ववत होतो.

डिजिटल प्रोसेसरला माझा विरोध नाही. रात्री हेडफोनवर सराव करायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही, आणि ज्याला शंभर प्रकारचे आवाज हवेत त्याने तोच घ्यावा. पण पावसाळ्यात वीज कडाडली, डीपीवर काही झालं आणि त्याचा बोर्ड गेला, तर तो नागपूरला नेऊनही दुरुस्त होईलच असं नाही. पाच वॅटच्या व्हॉल्व्ह अँपमधले भाग बोटांवर मोजता येतात आणि प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो. ईएल८४ आणि ईसीसी८३ आपल्या भागातल्या जुन्या मिस्त्रींना परके नाहीत. भारत इलेक्ट्रॉनिक्सने हे व्हॉल्व्ह बंगळुरूला बनवले, ते रेडिओत आणि अँप्लिफायरमध्ये सगळीकडे होते, आणि काही दुकानांत ते खोक्यासकट अजून मिळतात. ‘खेड्यातल्या माणसाला काय कळतं’ असा सूर तुमच्या प्रतिक्रियेत आहे, तो मला खरंच लागला. ज्या मिस्त्रींचं वर सांगितलं त्यांनी आयुष्यभर हेच व्हॉल्व्ह दुरुस्त केले आहेत. कुठल्या पिनवर किती व्होल्ट हवेत हे त्यांना पुस्तक न उघडता सांगता येतं. त्यांच्याजवळ बसून कुणी हे शिकावं, म्हणून तर मी लिहितो.

एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत नाही, पण पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर तिथेच घाला: स्पीकर. ९१ डेसिबल संवेदनशीलतेच्या ८ इंचीऐवजी ९७ चा १० किंवा १२ इंची लावला तर तेच पाच वॅट आधीच्या स्पीकरवरच्या वीस वॅटइतके ऐकू येतात. पेटी गावातल्या सुताराकडून १८ मिलिमीटरच्या प्लायची, मागून अर्धी उघडी करून घ्या. ओहम मात्र जुळलेच पाहिजेत, आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अँप चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

आता तुमच्या स्वतःच्या अँपची गुणगुण, जिचा तुम्ही शेवटी ओझरता उल्लेख केलात. आधी तिचा सूर ओळखा. जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा ‘जी’ (G) सूर ९८ हर्ट्झचा असतो. गुणगुण त्याच्याशी जवळपास जुळत असेल तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे फिल्टर कपॅसिटरकडे बघा. त्याच्या एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झची, म्हणजे हीटरची वायरिंग किंवा ग्राउंड. मग अँप बंद करून, थंड झाल्यावर १२एएक्स७ काढा आणि स्पीकर जोडलेला ठेवून पुन्हा चालू करा. गुणगुण गेली तर दोष पहिल्या टप्प्यात, राहिली तर पुढे. ५० हर्ट्झची निघाली आणि ट्रान्सफॉर्मरच्या हीटर वाइंडिंगला मधला टॅप (मधून काढलेली वायर) नसेल, तर हीटरच्या दोन्ही टोकांपासून ग्राउंडला १००-१०० ओहमचे दोन रेझिस्टन्स लावून बघा. पाच-दहा रुपयांचं काम आहे. पण त्याआधी चार आकडे मला पाठवा: तुमच्याकडचं संध्याकाळचं आणि मध्यरात्रीचं मेन्स व्होल्टेज, पॉवर व्हॉल्व्हच्या प्लेटचं आणि कॅथोडचं व्होल्टेज. सोबत कॅथोडच्या रेझिस्टन्सवरच्या पट्ट्यांचे रंग लिहा, किंवा त्यावर आकडा छापलेला असेल तर तो. बाकी गणित मी करून देतो.