‘फोर्टात पाच मोठे ब्रँड आणा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

दक्षिण मुंबईत, फोर्टातल्या डी. एन. रोडच्या कमानींखालच्या बंद शटरांवर मी गेल्या आठवड्यात लिहिलं, त्यावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. चार ओळींत उत्तर दिलं असतं तर ते तुमच्यावर अन्याय करणारं झालं असतं, म्हणून वेगळं लिहायला बसले.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं असं : मी जुन्या दुकानांचे कढ काढते आहे. कचेऱ्या बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) गेल्या, फोर्ट ओस पडतंय, आणि उपाय एकच आहे. महापालिकेने मालमत्ता कर माफ करावा, पाच मोठे ब्रँड आणून बसवावेत, म्हणजे बाकीचे आपोआप मागून येतील. लोअर परळला फिनिक्स मॉलने हेच करून दाखवलं, अमेरिकेतली शहरंही अशीच सावरली. आणि शेवटी, ‘जुन्या दुकानदारांनी गिऱ्हाइकाला कधी धड वागवलं होतं का?’

या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. मी गिरगावात वाढले. ठाकूरद्वारच्या एका दुकानात माझ्या आईने सहावी साडी दाखवायला सांगितली, तेव्हा गादीवरच्या गृहस्थांनी घडी मोडलेल्या पाच साड्यांकडे बोट दाखवून ‘घ्यायची आहे ना नक्की?’ असं विचारलं होतं. आई काही न बोलता उठली आणि आम्ही दादरला जाऊन साडी घेतली. दुपारी दुकान बंद, रविवारी बंद, बदलून मिळणार नाही, कपडा घालून बघायला आडोसा नाही. हे सगळं मी लेखात लिहायला हवं होतं. ते गाळल्यामुळे माझा लेख एकतर्फी झाला, हे मान्य करते.

पण पाच मोठे ब्रँड आणले की फोर्ट उठेल, हे मला मान्य नाही. मी बावीस वर्षं दुकानांसाठी जागा लावून देण्याचं काम केलं आहे. त्यातला एकच अनुभव सांगते.

दहाएक वर्षांपूर्वी एका मोठ्या कपड्यांच्या कंपनीला फोर्टात आठ हजार चौरस फूट जागा हवी होती, तळमजला आणि वरचा मजला मिळून. मी त्यांना कमानींच्या एका इमारतीत नेलं. तळाला पाच गाळे. कंपनीच्या माणसाने टेप काढली. दोन दगडी खांबांमधलं अंतर साडेनऊ फूट. त्यांना दर्शनी भाग हवा होता किमान तीस. दोन गाळ्यांमधली भिंत पाडता येईल का, असं त्याने विचारलं. ती भिंत वरचे मजले पेलून उभी, आणि हेरिटेज यादीतली इमारत, तेव्हा प्रश्नच मिटला. पोटमाळ्यावर चढलो तर त्याचं डोकं तुळईला लागलं. मालाचा टेम्पो दिवसा उभा कुठे करायचा, तर कुठेच नाही. संडास जिन्याच्या अर्ध्या वळणावर, पाचही गाळ्यांना मिळून एक.

हे सगळं एक वेळ निभावलं असतं. खरी अडचण कागदावर होती. पाचही गाळे पागडीचे, म्हणजे एकदा एकरकमी पैसे देऊन पुढे नाममात्र भाड्यावर धरून ठेवलेले. एका गाळ्यात घड्याळं दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला चहा पाजला. त्यांचं महिन्याचं भाडं आम्ही त्या दिवशी टॅक्सीला दिलेल्या पैशांहून फार जास्त नव्हतं. दोन गाळे मालकाने आधीच पैसे देऊन रिकामे करून घेतले होते. एक भाडेकरू जायला तयार होता. चौथ्या गाळ्यावर दोन भावांचा कोर्टकज्जा चालू. घड्याळवाले म्हणाले, ‘मी इथून उठून करू काय?’ कंपनीने चार महिने वाट पाहिली आणि उपनगरातल्या मॉलमध्ये गेली.

इथपर्यंतची गोष्ट तुम्हाला पटेल, ‘म्हणूनच तर कायदे बदला’ असंही म्हणाल. पण पुढचं ऐका. कंपनी किती भाडं द्यायला तयार होती, तो आकडा मालकाच्या कानावर पडला होता. त्यानंतर ते दोन रिकामे गाळे त्यांनी कुणालाच दिले नाहीत. एक स्टेशनरीवाला आला, एक चष्म्याचं दुकान काढू पाहणारी मुलगी आली, एक खानावळवाला आला. मालकांचं एकच उत्तर : ‘कंपनी येईल तेव्हा बघू.’ माझ्या माहितीत ती दोन शटरं पुढची सहा वर्षं तशीच होती.

यामागे कायद्याचाही हात आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्यांना भाडे नियंत्रणाच्या संरक्षणातून वगळलं. त्यांच्याकडून बाजारभावाने भाडं घेता येतं. लहान दुकानदार मात्र आत शिरला की पिढ्यानपिढ्या निघायचा नाही, ही धास्ती जुन्या मालकांच्या मनात १९४७ च्या कायद्यापासून बसलेली आहे. लीव्ह अँड लायसन्सवर मुदतीने गाळा देता येतो, हे त्यांचा वकील त्यांना सांगतो, पण भीती जात नाही. म्हणून मालक मोठ्या कंपनीची वाट बघत शटर ओढून बसतो. तुम्ही ज्याला उपाय म्हणता, त्याची नुसती आशासुद्धा या रस्त्यावर गाळे बंद ठेवते. मूळ लेखात हे नीट मांडलं नव्हतं, तुमच्यामुळे मांडायची वेळ आली.

आता फिनिक्स. फिनिक्सची जमीन एका गिरणीची, मालक एक, फाटक एक. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडकळीला आल्या, पुढे नियम बदलले, आणि त्या आवारात हवा तसा नकाशा काढता आला. आजूबाजूच्या गिरण्यांच्या जमिनींवर कचेऱ्यांचे मनोरे आले आणि तिथली हजारो माणसं दुपारी जेवायला आणि संध्याकाळी फिरायला खाली उतरू लागली. फोर्टात एका इमारतीत तीस भाडेकरू, त्यांचे पोटभाडेकरू, आणि मालक कधी ट्रस्ट तर कधी तीन देशांत पांगलेलं कुटुंब. या दोन जागांची तुलना होत नाही. शिवाय मॉल आतल्या बाजूला तोंड करून उभा असतो. गाडी तळघरात लावायची, सरकत्या जिन्याने वर यायचं, तसंच परत जायचं. बाहेरच्या फुटपाथवरच्या दुकानाला त्यातलं गिऱ्हाईक किती मिळतं, हे सेनापती बापट मार्गावर उभं राहून बघा. लालबागची चिवडा गल्ली आणि मसाल्याची दुकानं त्या मॉलच्या जिवावर उभी नाहीत. ती गल्ली स्वतःच लोकांना ओढून आणते. बदलापूरहून बायका वर्षाचा मसाला करायला तिथे येतात.

आणि फिनिक्सचं नाव घेताना क्रॉसरोड्स विसरू नका. १९९९ साली हाजीअलीला उघडलेला मुंबईचा पहिला मॉल. सुरुवातीला आत जायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावं लागत होतं, इतका रुबाब. पुढे मालक बदलले, नाव सोबो सेंट्रल झालं, आणि करोनाच्या काळानंतर तिथली दुकानं उठत गेली. दक्षिण मुंबईत, मोठ्या ब्रँडांसह, भरपूर पार्किंग असूनही.

फोर्टातलंच उदाहरण हवं असेल तर हुतात्मा चौकातली इस्माईल बिल्डिंग घ्या. २०१७ साली तिथे पाच मजली झारा आली. जुनी इमारत काय झळकली होती! मला खरोखर आनंद झाला होता, आणि इमारतीवर त्यांनी घेतलेल्या मेहनतीचं मी आजही कौतुक करते. २०२५ च्या सुरुवातीला ते दुकान बंद झालं आणि जागा दुसऱ्या कपडेवाल्यांकडे गेली. जवळजवळ आठ वर्षं जगातला एक सर्वांत मोठा ब्रँड त्या चौकात होता. तुमच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या मागून बाकीचे यायला हवे होते. पण तिथून सीएसएमटीकडे चालत जाताना जी शटरं २०१७ मध्ये खाली होती, त्यातली कितीतरी २०२५ मध्येही खालीच होती.

उलट हॉर्निमन सर्कलला एलफिन्स्टन बिल्डिंगमध्ये २०१२ साली स्टारबक्सचं भारतातलं पहिलं दुकान आलं, ते टिकलं. इमारत टाटांची, आणि दुकानातही भागीदार टाटाच. म्हणजे तिथेही एकहाती मालकी. पण जागेच्या अंगाने बेतलेलं दुकान होतं, आणि समोर सावलीचा बगीचा, जिथे माणसं आधीपासून बसत होती. मोठ्या नावाला माझा विरोध नाही, हे यावरून लक्षात येईल.

अमेरिकेबद्दल एवढंच. डेट्रॉइटच्या मध्यवस्तीत हडसन्स नावाचं अवाढव्य दुकान होतं. १९५० साली त्या शहरात साडेअठरा लाख माणसं राहत होती, ती पांगत गेली आणि १९८३ च्या जानेवारीत दुकानाने दार लावलं. १९९८ मध्ये इमारत सुरुंग लावून पाडली. एवढं मोठं दुकानसुद्धा माणसांना थांबवू शकलं नाही. माणसं गेली तसं तेही गेलं.

आमच्याकडचा इतिहासही तेच सांगतो. १८६० च्या दशकात जुन्या किल्ल्याच्या कोटाच्या भिंती पाडल्या, आजचा डी. एन. रोड रुंद झाला, १८८८ मध्ये व्हीटीची, म्हणजे आजच्या सीएसएमटीची, इमारत पुरी झाली आणि रोज हजारो माणसं त्या रस्त्यावर उतरू लागली. मग व्हाइटअवे लेडलॉ, आर्मी अँड नेव्ही ही त्या काळची बडी दुकानं फोर्टात थाटली. त्यांना कुणी कर माफ करून बोलावलं नव्हतं. करमाफीचं म्हणाल तर १ जुलै २०१७ ला जकात गेल्यापासून मुंबई महापालिकेच्या हातात मालमत्ता कराइतका भरवशाचा स्वतःचा कर उरलेला नाही. तोही बड्यांना माफ केला तर झाडलोट आणि दिवाबत्तीचा खर्च घड्याळवाल्या काकांसारख्यांनी उचलायचा का?

मग करायचं काय, असं तुम्ही विचारलंत. ‘टीका सोपी असते’ हे तुमचं वाक्य मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

एका कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसातला डी. एन. रोडवर उभ्या राहा किंवा राहा उभे, तुम्ही बाई की पुरुष हे मी तुमच्या नावावरून ओळखू शकले नाही, माफ करा. कमानीखाली फेरीवाला आपली फळी निळ्या ताडपत्रीत गुंडाळत असतो. दुकानातला पोऱ्या लोखंडी आकड्याने शटर खाली ओढतो. आणि त्या दोघांच्या मधून माणसांचा लोंढा एकाच दिशेने, स्टेशनकडे धावत असतो. कुणाला सातची बावन्न गाठायची आहे, कुणाला आठची चार. त्या लोंढ्यातली बहुसंख्य माणसं कमावती आहेत, पाकिटात पैसे आहेत, आणि त्यातलं कुणीही थांबत नाही. आठ वाजता त्या कमानींखाली कुत्री आणि झोपायची तयारी करणारी माणसं उरतात. पाच नवे ब्रँड या गर्दीला थांबवणार नाहीत. फोर्टाला नवी गर्दी आणायची गरजच नाही, आहे ती अर्धा तास थांबली तरी रस्ता बदलेल.

दादरला ती थांबते. दोन्ही रेल्वे तिथे, फुलबाजार तिथे, शिवाजी मंदिरचं नाटक तिथे, पाणीपुरी खाता खाता रानडे रोडवर ब्लाउजपीस जुळवता येतं. फोर्टातही थांबते, पण वर्षातून नऊ दिवस, काळा घोडा महोत्सवात. १९९९ पासून तिथे दिसत आलं आहे की कारण दिलं तर माणसं विरारहूनही येतात.

२०१७ च्या नव्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने दुकानं रात्रीही उघडी ठेवायला मुभा दिली आहे. २०२५ च्या ऑक्टोबरपासून मेट्रो ३ थेट हुतात्मा चौकात उतरवते, सीप्झ आणि बीकेसीतून एका गाडीने. वेळेची आणि येण्याजाण्याची अडचण बरीच सुटली आहे. रिकाम्या गाळ्यांचे मालक एकत्र बसवून अकरा महिन्यांच्या, तीन वर्षांच्या मुदतीने लहान दुकानदारांना जागा द्यायला लावणं, ही पालिकेने करायची गोष्ट आहे. पैशांपेक्षा तिथे मध्यस्थीची गरज जास्त आहे. मालकाला लेखी हमी हवी असते की मुदत संपली की गाळा परत मिळेल. ती हमी कुणीतरी वजनदार माणसाने समोर बसून द्यायला हवी.

आणि सगळ्यांत आधी कोणतं दार उघडायला हवं, हे विचाराल तर ते दुकानाचं नाही. मी बावीस वर्षं त्या भागात हिंडले. संध्याकाळी सातनंतर बाईमाणसाला जाता येईल असं स्वच्छ, उजेडाचं स्वच्छतागृह मला तिथे शोधावं लागायचं. मुंबईतल्या कार्यकर्त्या २०११ पासून ‘राइट टू पी’ म्हणत पालिकेचे उंबरठे झिजवत आहेत. दिवसभर पाणी कमी पिऊन काम केलेली बाई ऑफिस सुटल्यावर कमानीखाली रेंगाळत कुर्ते बघत नाही, ती घर गाठते. घरातली खरेदी बहुतेक तीच करते. जागा दाखवायला नेलेल्या एकाही कंपनीच्या माणसाने मला आजवर विचारलं नाही की इथे येणारी गिऱ्हाईक बाई जाणार कुठे.